जुना पार्ट परत मिळत नाही

मंडळी, दुपारपासून छातीत धडधडून राहिलं आहे, म्हणून इथे लिहून राहिलो.

जवळचं-लांबचं एकाच काचेत असलेल्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून मला पायऱ्या हलताना दिसतात. काल कारखान्यात जिन्यावरून पडता पडता वाचलो. म्हणून आज इथल्या सदर भागात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "आँख के अंदर का लेन्स ही बदलवा लीजिए, भाईसाहब. फिर चश्मा शायद ही लगे."

मी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत मशिनी दुरुस्त करतो. आमचा नियम असा की नवा पार्ट नीट चालेपर्यंत जुना फेकायचा नाही. त्याच सवयीनं विचारलं, "नहीं जमा तो पुराना वापस लगा देंगे ना?"

डॉक्टर हसले. "पुराना बचता कहाँ है? उसे अंदर ही तोड़कर खींच लेते हैं. आप जागते रहेंगे, दर्द नहीं होगा."

दुखण्याचं मी विचारलंच नव्हतं! मोतीबिंदू नाही, काही नाही, आणि चांगली लेन्स फोडायची? "सोचकर बताता हूँ" म्हणालो आणि सटकलो.

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. बायको म्हणाली, "काहून असे एकटक पाहून राहिले?" काय सांगू तिला? ज्या लेन्समधून तिला पहिल्यांदा पाहिलं, तीच फोडायची म्हणतात.

तुमच्यापैकी कोणी केलं आहे का हे? चांगलं झालं असेल तर सांगा. वाईट झालं असेल तर आधी सांगा.