नागव्वा मावशी आणि चांदण्यांचा तक्ता

नागव्वा मावशी कोणतीही सूचना मनातल्या मनात वाचत नसे. चष्मा कपाळावरून खाली ओढून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी वाचायची आणि शेवटी विचारायची, "हे कुणाच्या सोयीचं हाय?" सूचना लिहिणारा मीच असल्यामुळे माझी पंचाईत व्हायची.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी ऑफिसात होतो. मावशी मैंदर्गीची, तिसऱ्या लाईनवर कॉलर जोडायची. आमचे मॅनेजरसाहेब पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि 'माणसाला हुकूम देऊ नका, वळण लावा' हे ज्ञान घेऊन परतले. पहिलं वळण बाथरूमच्या दारापाशी तक्त्याच्या रूपात लागलं. ज्या लाईनच्या बायका बाथरूमसाठी कमी वेळा उठतील, त्या लाईनला रोज एक चांदणी. जास्त चांदण्यांना महिनाअखेर पेढे.

"पेढे कुठल्या दुकानातले, ते न्हाय लिवलं," मावशी म्हणाली. बायका हसल्या. पण दोन आठवड्यांत कुणी उठली की बाकीच्या घड्याळाकडे बघू लागल्या. साहेब मला म्हणाले, "बघा, एक शब्द बोलावा लागला नाही!"

तिसऱ्या लाईनवरच्या रेणुकाला सातवा महिना होता. लाईनची चांदणी जाऊ नये म्हणून तिने पाणी पिणंच कमी केलं. भर एप्रिलात, पत्र्याखाली, एका दुपारी ती मशीनवरच कोसळली. दवाखान्यात सलाईन लावलं. बाळ सुखरूप राहिलं, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी मावशी थेट केबिनमध्ये शिरली.

"आम्ही कुणाला अडवलं होतं का, मावशी?" साहेब म्हणाले.

"अडवलं असतं तर भांडलो असतो की, सायेब! तुमी आमालाच एकमेकींवर पहाऱ्याला बसवलं. परवा मीच तिला म्हनलं, 'परत कुटं चाललीस गं?'" आणि मावशीला रडू फुटलं.

बाहेर येऊन तिने मला तक्त्यापाशी नेलं. "खरं कारन लिव हितं."

मी लिहिलं, 'बायकांनी लघवीला कमी जावं म्हणून हा तक्ता लावला आहे.' तिने ते मोठ्याने वाचलं. मशिनी थांबल्या. साहेबांनी स्वतःच्या हाताने तक्ता उतरवला. मला मात्र मेमो मिळाला. कारण : नकारात्मक भाषा.

पुढच्या वर्षी मावशी निवृत्त झाली. निरोप समारंभात साहेब 'आमच्या कंपनीची संवेदनशीलता' या विषयावर वीस मिनिटं बोलले. मग त्यांनी मावशीपुढे माईक धरला.

तिने समोरच्या पोरीबाळींकडे एकदा नीट पाहिलं. "पानी पीत जावा गं," म्हणाली आणि खाली बसली.