धुऱ्यावरचं पाणी

निकाल लागला तेव्हा सगळं गाव मंदाबाईला सांगून राह्यलं होतं की बाई, झाला न्याय, आता गप बस. सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातं? माणूस तिचा गेला होता. आणि तिला जे पाहिजे होतं ते त्या निकालात नव्हतंच. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. रूपरावानं गुलाबला पाहिलं, तेव्हा तो जिता होता का?

रोहणा गावाच्या अलीकडे गुलाब आणि रूपरावाचं वावर धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून. गुलाब मंदाबाईचा नवरा, रूपराव त्याच्याहून वयानं थोडा लहान. नातं काही नाही, पण मंदाबाई त्याला भाऊजी म्हणायची आणि तो तिला वहिनी. हिवाळ्यात हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांचे कळप यायचे आणि एका रातीत अख्खं वावर उकरून ठेवायचे. म्हणून दोघांनी जागलीच्या पाळ्या लावल्या होत्या. आज याची, उद्या त्याची. ज्याची पाळी असेल त्यानं मचाणावर चढून गावाकडे टॉर्च फिरवायची. टॉर्च दिसली की घरच्यानं निवांत झोपायचं. कित्येक वर्षं असंच चाललं होतं, कधी भांडण नाही की तंटा नाही.

त्या रातीची पाळी रूपरावाची होती. पण त्याला थंडीचा कंटाळा आला होता. त्यानं हरभऱ्याभोवती तार ओढली, मोटारीच्या पेटीतून करंट सोडला आणि घरी येऊन गोधडीत शिरला. गुलाबला सांगितलं नाही. कसं सांगणार? मागं एकदा तारेचा विषय निघाला तेव्हा गुलाब त्याच्यावर केवढा उखडला होता, "डुक्कर मरो न मरो, माणूस मारशीन एखांदा."

इकडे गुलाब अंगणात उभा राहून टॉर्चची वाट पाहत होता. टॉर्च काही दिसेना. "रूपराव पडला काय मचाणावरून? पान-गिन लागलं का काय? पाहून येतो," म्हणाला आणि निघाला. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून तो पान म्हणायचा. मंदाबाई त्याला जा म्हणाली नाही आणि नको जाऊ असंही म्हणाली नाही. परत आला नाही, तर मचाणावर गप्पांत बसला असेल समजून ती झोपली. ते तिला अजून खातं.

सकाळी रूपराव रडत रडत सांगायला आला. गुलाब धुऱ्यावर पडला आहे, छातीत कळ आली असेल. सगळ्यांत जास्त तोच रडला. तिरडीही त्यानंच बांधायला घेतली. मयताला आंघोळ घालताना मंदाबाईला नडगीवर काळी जळकी रेघ दिसली, बोटभर लांब. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "कोणी उचलायचं नाई. पोलिसाले बलवा." तेव्हापासून तिनं रूपरावाला भाऊजी म्हटलं नाही.

तारेचं भेंडोळं त्याच्याच विहिरीत सापडलं. तरी वर्ध्याच्या कोर्टात रूपरावाचं आपलं एकच, मले माईत नाई, मी घरी होतो. वकिलानं तसं पढवलं होतं. मंदाबाई भर कोर्टात उभी राहून म्हणाली, "साहेब, शिक्षा कमी द्या का जास्त द्या. त्याले येवढं इचारा, माहा माणूस जिता होता काय." जजसाहेबांनी समजावून सांगितलं की आरोपीला बोलायची जबरदस्ती करता येत नाही. कायदा बरोबरच असेल, बाप्पा. शहाण्या माणसांनी केला आहे. पण ज्याच्यासाठी ती कोर्टात चकरा मारत होती तेच सांगायची कोणावर जबरदस्ती नव्हती.

शिक्षा झाली, मग अपील झालं आणि रूपराव जामिनावर घरी आला. आता गावानं आपली शिक्षा सुरू केली. त्याच्या घरचं पाणी कोणी पिईना, मजूर येईना, मळणीयंत्र मिळेना. त्याची बायको सरिता हापशीवर आली की बाकीच्या बाया घागरी उचलून चालू लागायच्या. त्या बिचारीनं कोणाचं काय घोडं मारलं होतं? मंदाबाई हे सगळं पाहायची. जीव गार व्हायला पाहिजे होता. होत नव्हता. रात्र झाली की गुलाब धुऱ्यावर पडलेला दिसायचा, कधी डोळे उघडे, कधी मिटलेले, आणि खरं कोणतं ते तिला कळायचं नाही. तिचं जेवण सुटलं. वांगी झाडावरच पिकून पिवळी पडली तरी तोडायचं भान नव्हतं.

एका दुपारी वावरात सांभार, म्हणजे कोथिंबीर, कापता कापता तिला रूपराव धुऱ्यावर दिसला. ती विळ्यासकट उठली आणि तरातरा गेली. त्यानं विळा पाहिला. पण तो हलला नाही, पळाला नाही. मंदाबाईनं विळा बाजूला टाकला आणि खाली बसून त्याचे पाय धरले.

"वहिनी, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"वहिनी नको म्हणू मले. जिता होता काय, येवढं सांग."

"वकील बोलू नको म्हणते. अपील हाय."

"तू सूट. निर्दोष सूट. मी कोणापाशी तोंड उघडत नाई, माह्या लेकराची आण. पण मले सांग रे, मी मरून राह्यली."

रूपराव तिच्यासमोर मातीत बसला.

"जिता होता," तो म्हणाला. "उजाडाच्या आधी मी करंट काढाले आलतो. तं हा पडलेला. डोये उघडले त्यानं. म्हणे, रूपराव, तू बरा हाय नं? टॉर्च नाई दिसली."

मंदाबाईनं पदर तोंडात कोंबला.

"मंग पाणी मांगलं."

"देल्लं?"

"उजाडून राह्यलं होतं, वहिनी. कोणी पाह्यलं तं... मी म्हटलं, आधी तार गुंडाळून टाकतो."

"मंजे विहिरीवर गेलता तू."

"गेलतो."

"पाण्यासाठी नाई."

रूपराव म्हणाला, "तार टाकली आन् पाणी घेऊन धावत आलो. तवरोक सरलं होतं." मग त्यानं विळा उचलून तिच्यापुढं ठेवला. "मारा मले. मी कोणाले दोष देत नाई."

तिनं विळ्याला हात लावला नाही. तिला वाटलं होतं, खरं कळलं की एकदाचं सुटेल. कुठलं सुटतंय! आता तर गुलाब पाणी मागताना ऐकू येत होता. आणि एवढ्याची शिक्षा कोणत्या कोर्टात असते? ती कोणाला विचारणार, आणि मागणार तरी काय?

"पाणी आण," ती म्हणाली.

तो गेला. डोलचीनं पाणी काढून लोटा भरून आणला. गावात त्याच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं. त्यानं लोटा तिच्यापुढं धरला.

"मले नको. कुठं पडला होता, दाखव."

त्यानं बोरीच्या झुडपाजवळची जागा दाखवली.

"टाक तिथं."

त्यानं पाणी ओतलं. उन्हानं भेगाळलेल्या काळ्या मातीनं ते क्षणात पिऊन टाकलं. मंदाबाई पाहत राहिली.

"उद्या अजून आणजो," ती म्हणाली. "परवा बी. रोज आणजो."

"कवरोक, वहिनी?"

"मले काऊन इचारतं? ज्यानं मांगलं होतं त्याले इचार."

रूपराव रिकामा लोटा घेऊन तिथंच उभा राहिला. मंदाबाई सांभाराच्या वाफ्यापर्यंत चालत आली, तेव्हा विळा धुऱ्यावरच राहिला हे तिच्या ध्यानात आलं. परत जायला तिचे पाय उठले नाहीत. ती हातानंच सांभार उपटत बसली.