साडेदहाचा चमचा

आमच्या भागात नवीन राहायला येणाऱ्यांसाठी वाचनालयाने एक पत्रक छापलं. वर ठळक अक्षरांत ‘खावं कुठे?’ आणि तळाला ‘चव पाहणार : आपले मीटरवाले’. ते मीटरवाले म्हणजे मी. पत्रकात पाच ठिकाणं आहेत आणि त्यातल्या एका अक्षराचीही मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती सहाव्या ठिकाणाची. ते मी लिहिलंच नाही.

बावीस वर्षं मी घरोघरी विजेचे आकडे टिपत फिरतोय. बाकीचे लोक खाणावळीत पुढच्या दाराने जातात, मी मागच्या. मीटर मागेच असतात, चुलीच्या आसपास. कोण कालचं तेल आज पुन्हा तापवतो आणि कोण भाजी दोनदा धुतो, हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्यांच्या बायकांनाही नसेल. म्हणून तर वाचनालयाच्या बाई माझ्याकडे आल्या. मी काय, हरभऱ्याच्या झाडावर चढलो. पुलाजवळच्या बेकरीत ट्रेच्या कोपऱ्यातलाच पाव मागावा, तो दोन बाजूंनी खरपूस असतो. बस आगारामागचा मासे तळणारा तोंडातून शब्द काढत नाही, पण त्याचा मासा बोटांना तेल लावत नाही. कोर्टासमोरची ऑम्लेटवाली वकिलांनाही रांगेत उभं करते. दवाखान्याच्या मागच्या फाटकावरचा चहा आणि शाळेजवळची, दोनच प्रकारचं आइस्क्रीम करणारी म्हातारी. झाली पाच.

सहावं ठिकाण वहिनींचं. वहिनी म्हणजे माझ्या जिवलग मित्राची बायको. तो छापखान्यात होता. तो गेला तेव्हा वहिनी एका शाळेत तीनशे मुलांचं रांधायच्या. वर्षभराने त्यांनी ती नोकरी सोडली आणि घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं टाकली. रोज एक सूप, पाव, उकडलेले बटाटे आणि बाजारात जे चांगलं मिळालं असेल ते. बस. तेवढ्यावर माणसं पायरीवर बसून वाट बघायची.

वहिनी स्वभावाने फटकळ. टेबलावर त्यांनी कधी मीठ ठेवलं नाही. एकदा एका कापडवाल्याने मीठ मागितलं, तर पळी हातात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘मीठ घालणं माझं काम. तुम्ही खायचं काम करा.’ कापडवाला गुपचूप जेवला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. हा किस्सा मीच चार ठिकाणी तिखटमीठ लावून सांगितला असेन. मला त्यांचा तोरा आवडायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. आठ दिवसांनी उठल्या, कामाला लागल्या. मी मीटर बघायला मागच्या दाराने गेलो तर दूध करपल्याचा वास घरभर, आणि वहिनी त्याच पातेल्याशेजारी शांतपणे कांदा चिरतायत. मी ओरडलो तेव्हा कुठे त्यांनी पातेल्यात पाहिलं. मग गॅस बंद केला, मागचं दार लावलं आणि हळू आवाजात सांगितलं की वास गेलाय, चवही गेलीय, डॉक्टर म्हणतात येईल तेव्हा येईल. कुणाला कळलं तर कोण येईल जेवायला? मी रोज सकाळी तिथूनच माझ्या फेरीला निघतो, तर जाता जाता एक चमचा चाखून खरं काय ते सांगावं, एवढंच त्यांनी मागितलं. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. हाताला एवढी चव असलेली बाई माझ्या जिभेवर भरवसा टाकत होती.

सुरुवातीला मी इमानेइतबारे केलं. साडेदहाला मागचं दार, वहिनी चमचा पुढे करायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. मी सांगायचो, चिमूटभर घाला, थोडं लिंबू पिळा. सगळं नीट चाललं होतं. मग एकदा सूप खारट झालं. मी सांगितलं. त्यांनी पाणी घातलं, बटाटे घातले, सगळा विचका झाला. शेवटी अख्खं पातेलं मोरीत ओतलं. बाहेर माणसं दार वाजवत होती आणि वहिनी स्टुलावर बसून आपल्या हाताकडे बघत होत्या. ‘तीस वर्षं अंदाजानेच मीठ घातलं, भावोजी,’ त्या म्हणाल्या. ‘तो अंदाजच गेला.’

त्यानंतर माझी जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी मीठ किंचित जास्त होतं आणि मी म्हणालो, झकास. त्यांचा चेहरा असा फुलला की मला पुण्य केल्यासारखं वाटलं. मग तेच सोपं झालं. दया आली म्हणून खोटं बोललो, असं म्हणायला बरं वाटतं. पण पुढे पुढे तर मी चमचा ओठांना नुसता टेकवायचो. का, तर अकरा वाजता आगारामागे मासा तळून निघायचा आणि मला तोंडाची चव बिघडवायची नव्हती. हे लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय, पण खरं आहे ते असं आहे.

गिऱ्हाईक तुटत गेलं. पायरी रिकामी दिसायला लागली. वहिनींनी विचारलं तर मी रस्त्याच्या खोदकामावर खापर फोडलं. आमची ही एकदा म्हणाली, वहिनींकडे जेवून आलात की तांब्याभर पाणी पिता, त्यांना काही सांगता की नाही? मी तिच्यावरच डाफरलो.

आणि मग ते पत्रक. लिहायला बसलो तेव्हा वहिनींचं ठिकाण डोळ्यापुढे आलंच. पण मी विचार केला, लोक माझ्या नावावर विश्वास ठेवून जातील, खारट सूप पितील, माझी अब्रू जाईल. कागदावर खोटं कसं लिहायचं? बघा माझा बाणा. ज्या बाईला रोज तोंडावर खोटं सांगत होतो तिच्या बाबतीत मी कागदावर हरिश्चंद्र झालो. वाचनालयाने पत्रक घरोघर टाकलं. वहिनी कशाला वाचतील, त्यांना कुठे वेळ आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला गेलो. पत्रक पिठाच्या डब्यावर होतं, घडी घातलेलं, वर त्यांचा चष्मा. वहिनींनी नेहमीसारखा चमचा पुढे केला. माझं लक्ष त्या कागदाकडे. मी चमचा ओठांना लावला आणि म्हणालो, ‘वा. मीठ अगदी प्रमाणात.’

वहिनींनी चमचा माझ्या हातातून घेतला, धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला.

‘आज मी मीठ घातलंच नाही, भावोजी.’

वहिनी, तुमचं ठिकाण म्हणजे आपलं घर, घराचं नाव कुणी यादीत घालतं का, असं काहीतरी बरळलो. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, ‘मला चव कळत नाही, हे मला माहीत आहे. तुम्हाला कळते म्हणून मी दोन वर्षं निवांत होते.’ आवाज चढला नाही. भांडल्या असत्या, पळी फेकून मारली असती तर मला परवडलं असतं. त्यांनी मागचं दार उघडलं आणि मी बाहेर पडलो. त्या दिवशी आगाराकडे गेलो नाही.

आठ दिवस मी तिकडे फिरकलो नाही. मग मीटरची तारीख आली, जावंच लागलं. वहिनींनी दार उघडलं, मी आकडा टिपला, त्या बटाटे सोलत राहिल्या. चमचा कुणी पुढे केला नाही. मी वळसा घालून पुढच्या दाराने आत गेलो आणि इतर गिऱ्हाइकांसारखा टेबलाशी बसलो. चारही टेबलांवर एकेक मिठाची वाटी होती. कोपऱ्यात कापडवाला बसला होता. त्याने वाटीतलं मीठ चिमटीने घेतलं, सूप ढवळलं, पुन्हा घेतलं. वहिनी समोरून गेल्या, त्यांनी पाहिलं आणि त्या तशाच पुढे गेल्या.

माझ्यापुढे त्यांनी सूप ठेवलं. मी या खेपेला नीट चाखलं. अळणी होतं. त्यांनी मुद्दामच कमी घातलं होतं, म्हणजे कुणाचं बिघडायला नको. बाकी कांदा, भाजी, शिजवणं, सगळं जुनं, तेच, तीस वर्षांचं.

‘कसंय?’ असं त्यांनी विचारावं म्हणून मी मान वर केली. यावेळी खरं सांगणार होतो. त्यांनी मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.

‘घ्या तुमच्या अंदाजाने,’ म्हणाल्या, आणि दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. मी ते सूप तसंच प्यायलो.