माहिती देणारी व्यक्ती : आई

बुधवारी दुपारी माझा भाऊ रुग्णालयात वारला. मी तेव्हा नागपूरला वर्गात शिकवत होते.

तेराव्यानंतर मी त्याचा केसपेपर मागितला. मी मनोविकारतज्ज्ञ, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारी, म्हणून तो हाती तरी आला. भाऊ बरळायला लागला तेव्हा माय त्याला सानगडीकडच्या आमच्या गावाहून जीपने जिल्हा रुग्णालयात घेऊन गेली होती. पहिल्याच पानावर होतं : माहिती देणारी व्यक्ती, आई. माहिती अविश्वसनीय. खाली निदान, दारूच्या नशेमुळे झालेला भ्रम. मेंदूच्या आवरणाला सूज आहे हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं. तोवर त्याची शुद्ध हरपली होती.

तू डॉक्टरला काय सांगितलं होतंस, असं मी मायला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्या म्हटलं, बाई, यानं पेली नाही. ताप हाय, अन् मान वाकूनच नाही राहिली याची. थे म्हणे, मावशी, बाहेर बसा."

ताप, बरळणं आणि न वाकणारी मान. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं दारातच निदान सांगितलं होतं. पण ती तळ्यावरून तशीच निघालेली, लुगड्याला मासळीचा वास. मासेमार ढिवराची बाई, म्हणजे मुलगा पिणारच, असं त्यांनी धरलं. भाऊ बाजाराच्या दिवशी प्यायचा, हेही खरं. त्या आठवड्यात प्याला नव्हता.

'माहिती अविश्वसनीय' असं लिहिणारी इंटर्न माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. मी तिला जाब विचारायला गेले. ती रडली नाही. खाली बघत म्हणाली, "मॅडम, तुमच्याच पोस्टिंगमध्ये शिकले मी. खेड्यातली बाई भीतीपोटी दारू लपवते, तिचं निम्मंच धरा, असं तुम्ही सांगायच्या."

मी सांगायचे. नुसतं सांगायचे नाही, अशा बायकांच्या बोलण्याची नक्कलही करायचे. वर्ग हसायचा. ती बोली माझ्या मायची होती आणि ढिवराच्या घरातून आलेल्या मला तिच्यावर हशा मिळवावासा वाटत होता. याचा राग मला आजही येतो, आणि तो कुणा दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

विश्वसनीय की अविश्वसनीय, ही ओळ आमच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक केसच्या सुरुवातीला भरावी लागते. शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या नातेवाइकापुढे 'अविश्वसनीय' लिहिलेलं मी क्वचितच पाहिलं. ती ओळ काढा, त्या जागी नातेवाइकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरवायला लावा, असा प्रस्ताव मी अभ्यासक्रमाच्या समितीपुढे ठेवला. जुन्या केसपेपरांचा गठ्ठा सोबत नेला होता. तो कुणी उघडला नाही.

अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरी नुकतंच दुःख झालंय. या विषयात सध्या तुम्ही तटस्थ नाही."

"मग माझ्यापुढेही अविश्वसनीय लिहून टाका," मी म्हटलं.

एक जण हसला. दुसऱ्याने चहा पुढे सरकवला. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्या वर्षीही. अध्यक्ष बदलले, उत्तर बदललं नाही. पाठीमागे मला काय म्हणतात ते कानावर येतं : भाऊ गेल्यापासून बाईंचं हे एकच चाललंय. एकच चाललंय, हे खरं आहे. दुसरं काय चालवू?

प्रस्ताव दर वर्षी फेटाळलाच आहे. फक्त मला गुरुवारी दुपारचा एक तास दिला आहे, ऐच्छिक. त्याला हजेरी नाही, गुण नाहीत. त्या तासाला विद्यार्थी वॉर्डात रुग्णाच्या नातेवाइकाशेजारी बसतात आणि तो बोलेल ते तसंच लिहितात. गेल्या गुरुवारी सात जण आले होते.