कोब्यावर हळद, अंगणात गाय

आमच्या गोठ्यात सिमेंटचा कोबा झाला तेव्हा गावातल्या बायका तो बघायला आल्या होत्या. माणसांच्या घरात फरशी बसवली तर कोणी ढुंकून बघत नाही, पण जनावराच्या पायाखाली सिमेंट म्हणजे नवलच. मिस्त्री म्हणाला होता, वरून खराटा ओढून खडबडीत ठेवतो. सासूबाईंना ते पटलं नाही. "रेघोट्या काहून? माझी माय काय उकिरड्यावर बसनार हाय व्हय? घोटून दे चांगला, देवघरावानी." मिस्त्रीनं घोटून दिला. इतका गुळगुळीत की वर पीठ मळून भाकरी थापावी. बायका हात फिरवून बघत होत्या आणि सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, लेकीचं लग्न ठरल्यासारख्या.

'माय' म्हणजे आमची जर्शी गाय. सासूबाईंना लेक नाही, म्हणून लेकीला लाडानं म्हणतात तसं ती माय. मला त्या "अगं ए" म्हणतात.

गाय दुसऱ्या वेताची गाभण राहिली आणि तिच्या लाडाला ऊत आला. दावणीवरून सोडायचं नाही, रानात न्यायचं नाही. वैरण जागेवर, पाणी जागेवर, वरून सरकीची पेंड आणि गुळाचा खडा. का, तर कुठं घसरेल, कोणाचं शिंग लागेल. आता माझं तोंड काही गप्प बसणारं नाही. मी पोटुशी होते तेव्हा नववा महिना लागला तरी हळदीत खुरपत होते, आणि बांधावर उभं राहून ह्याच बाई सांगायच्या, "हिंडतं-फिरतं ऱ्हावं, सुटका सुखानं व्हती." एकदा मी नवऱ्याला म्हणाले, पुढच्या जन्मी मला तुमच्या घरात गाय करून पाठवा. तो हसला. मला काही हसू आलं नव्हतं.

हळदीची काढणी सुरू झाली तेव्हा गाईच्या विण्याला महिनाभर राहिला असेल. तिचं काहीतरी बिनसलंय हे मला शेण काढताना दिसत होतं. उभी राहिली की एकदा ह्या पायावर भार टाकायची, एकदा त्या. मागच्या पायांचे सांधे सुजले होते आणि खुरं पुढून वाकून वर आली होती. मातीवर चाललेलं जनावर खुरं आपोआप झिजवतं. ही महिनोन्महिने एकाच जागी उभी, मग झिजणार कशी? मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जड झाली हाय ती. तुला काय कळतंय?"

एका सकाळी धार काढायला दुसऱ्या गाईपाशी बसले होते, तेवढ्यात जर्शी उठायला लागली. गाय उठते ती मागचे पाय आधी उचलून. आधी मागचा भाग वर, मग पुढचे गुडघे. लहान लेकरालाही हे माहीत असतं. हिनं मागचे पाय उचलले, ते कोब्यावर दोन्हीकडं फाकले आणि ती धपकन खाली आली. मग तिनं उलटं केलं. पुढचे पाय रोवले, मागचा भाग तसाच जमिनीवर, आणि कुत्रं बसतं तशी बसली. गाय अशी बसलेली मी जन्मात बघितली नव्हती. माझ्या हातातली चरवी तिथंच राहिली आणि मी घराकडं ओरडत सुटले.

नवऱ्यानं आणि शेजाऱ्यांनी कशीबशी शेपटीला आणि पोटाखाली हात देऊन तिला उभी केली. भावकीतले एक म्हातारे काठी टेकत आले आणि म्हणाले, पायाला तापल्या इळ्याचा डाग द्या, जुना इलाज हाय. सासूबाई म्हणाल्या, "आधी तुमच्या गुडघ्याला देते, गुण आला तर मग बघू." म्हातारे चहा न घेता गेले.

तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पाय चाचपले, कॅल्शियमची सलाईन लावली, खायला क्षारांची पावडर दिली. मग स्वतःचा बूट कोब्यावर घासून बघितला आणि मान हलवली. म्हणाले, "पाय मोडलेला न्हाई, हे नशीब. पण हिला हितून काढा. मातीवर बांधा, रोज थोडं थोडं चालवा, खुरं कापून घ्या. विण्याच्या आत ही कायमची बसली तर मग माझ्या हातात काही न्हाई. गाय बी जाईल, वासरू बी." ते गेल्यावर सासूबाई गाईच्या सुजलेल्या पायावरून हात फिरवत राहिल्या. त्यांचा चेहरा बघून मला माझं "मी सांगत होते ना" गिळावं लागलं, आणि ते गिळणं मला फार जड गेलं.

मातीची जागा एकच होती, घरापुढचं अंगण. पण ते तर आम्ही शेणानं सारवून शिजलेली हळद वाळवायला तयार करून ठेवलेलं. नवरा डोकं खाजवत म्हणाला, "मग हळद कुठं टाकू?"

"कोब्यावर," मी म्हणाले. "गोठ्याचा अर्धा कोबा पत्र्याबाहेर उघडाच हाय. धुऊन घेऊ. एवढा देवघरावानी घोटलाय, कोनाच्या तरी कामाला येऊ द्या."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता फाडून खाणार. पण त्या म्हणाल्या, "बराबर हाय. ने तिला."

नेणंही सोपं नव्हतं. गोठ्याच्या दारापर्यंत आम्ही ओली पोती अंथरली, वर माती पसरली. गाय एक पाय टाकायची आणि थांबायची, दुसरा टाकायच्या आधी हुंगून बघायची. अंगणातल्या लिंबाखाली पोचली तेव्हा आमच्या सगळ्यांच्या अंगाला घाम फुटला होता. खाली सोयाबीनचं भुस्कट जाड पसरलं होतं. ती त्यावर बसली आणि तिनं मोठा श्वास सोडला. मीही सोडला.

आता राहिली खुरं. कळमनुरीच्या बाजारात बैलांना पत्री ठोकणारे एक नालबंद चाचा बसतात. बैलच कमी झाले, त्यामुळं त्यांचं कामही कमीच. नवऱ्यानं त्यांना गाडीवर बसवून आणलं. त्यांनी गाईभोवती एक चक्कर मारली आणि पिशवी खांद्यावरून काढलीच नाही. "मैं तो जनावर पाडके, पाय बांधके करता. ये गाभन है. पाडली तो पोटातलं जाईल. मेरेकू ये पाप नक्को." डॉक्टरांना फोन लावला, तेही तेच म्हणाले, पाडू नका. उभ्यानं करावं तर एक पाय उचलला की बाकीच्या तिनांवर तिला तोलच सावरेना. म्हणजे खुरं कापल्याशिवाय चालता येत नाही आणि पाडल्याशिवाय कापता येत नाहीत. चाचा चहा पिऊन निघायच्या तयारीत होते.

तेवढ्यात गाय दमून पुन्हा भुस्कटावर बसली आणि सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "पाडायची काहून? ती माझ्यापाशी आपोआप पाय सोडती."

हे खरं होतं. बसल्या गाईच्या मानेखालची लोंबती पोळी त्या खाजवायला लागल्या की ती डोळे मिटून मान टाकायची आणि पाय ताणून सैल सोडायची. लाडाचं जनावर, दुसरं काय. पण त्यासाठी सासूबाईंना खाली, जमिनीवर बसायला लागणार होतं. त्यांचे गुडघे इतके गेलेले की त्या जेवायलासुद्धा खुर्चीवर बसायच्या. नवरा म्हणाला, "आई, तू राहू दे." त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. माझ्या खांद्यावर हात टाकला. दात आवळून, "माय गं, माय गं" म्हणत त्या भुस्कटावर उतरल्या. गाईनं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

चाचांनी पटाशी काढली. मी मागचा पाय धरला होता, नवऱ्यानं सांधा. खुराचे तुकडे नारळाच्या करवंटीसारखे उडत होते. मग कानशीचा आवाज सुरू झाला. गाय एकदा दचकली, सासूबाईंनी बोटं थांबवली नाहीत. "अम्मा, हात चालू रखो," चाचा म्हणाले, "तुमचा हात थांबला की मेरेकू लाथ पडेगी."

ते काम चालू असताना मी विचारलं. मनात कितीतरी वर्षं होतं, ते तेव्हाच का तोंडातून निघालं कोण जाणे. "आत्याबाई, मला नवव्या महिन्यात रानात हिंडवलं, मग हिला काहून बांधून ठेवलं?"

त्या पोळी खाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तवा मी धडधाकट व्हते. कशाचं भेव न्हवतं. आता भेव वाटतं गं. जे हाय ते एका जागी दिसावं वाटतं."

मला यावर काहीतरी टोचणारं बोलायचं होतं. उलट असं वाटलं की मी उगीच इतकी वर्षं हा राग सांभाळत बसले. लगेच सगळा गेला असं मी म्हणणार नाही, पण बराचसा गेला.

एका बाजूची खुरं झाली. दुसऱ्या बाजूसाठी गाईनं उठून कूस बदलून बसायला हवं होतं. ती उठली, आधार घेऊनच, पण उठली. बसायचं मात्र नाव काढेना. तिला कोणी बस म्हणू शकत नव्हतं. मग चाचांना भाकरी आणि पिठलं वाढलं. आम्ही चार शहाणी माणसं एका गाईच्या मर्जीची वाट बघत अंगणात बसलो. सासूबाई तर खालीच होत्या, म्हणाल्या, "आता उठून परत बसायचं मला जमनार न्हाई, हितंच वाढ." ऊन कलल्यावर गाय बसली, नेमकी हव्या त्या कुशीवर. चाचांनी हात धुतले आणि "या अल्ला" म्हणून पटाशी उचलली.

दुसऱ्या दिवसापासून चालवणं सुरू झालं. मी एकटीनं न्यायची असं ठरलं होतं, पण सासूबाई काठी घेऊन हजर. फाट्याच्या रस्त्यानं हळदीचे ट्रॅक्टर, म्हणून आम्ही शेतांमधल्या पांदीच्या मातीतून जायचो. पुढं गाय, तिचं दावं माझ्या हातात, मागून सासूबाई. तिघींचा वेग एकच. पहिल्या दिवशी बाभळीपर्यंत जाऊन परत फिरलो. पुढं पुढं हौदापर्यंत मजल गेली. हळद काढणाऱ्या बायका शेतातून ओरडायच्या, "अगं, कोन कोनाला फिरवून राहिलं?" सासूबाई काठी उगारायच्या. डॉक्टरांनी त्यांनाही दोन वर्षांपासून चालायला सांगितलं होतं, ते त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. ह्या बाईला औषध द्यायचं असेल तर ते गाईच्या पेंडीत कालवून द्यावं लागतं, असं मी नवऱ्याला सांगितलं.

गाईच्या पायाची सूज उतरत होती. पण तिचं उठणं अजून भरवशाचं नव्हतं. कधी नीट मागचे पाय आधी, तर कधी पुन्हा ती कुत्र्याची बैठक. रोज सकाळी मी दार उघडायच्या आधी देवाचं नाव घ्यायचे. कास भरत चालली तसा माझा जीव टांगणीला लागला.

ती व्याली सकाळीच, लिंबाखाली. कोब्यावर हळद पिवळीधमक पसरलेली होती आणि ती हातानं परतायला आलेल्या दोन बायकाही होत्या. सगळं सुरळीत झालं. पुढचे पाय, त्यावर नाक, मग सगळं वासरू. कालवड. नवऱ्यानं नाकातोंडातला चिकटा काढला, ती शिंकली. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या.

पण गाय बसूनच होती. मान लांब टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. नवऱ्यानं फोनवर डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, "थोडा दम घेऊ द्या. मी निघालोच. तिचं तिला उठू द्या." म्हणणं सोपं. तिनं एकदा जोर केला. पुढचे पाय रोवले आणि मागचा भाग तसाच जमिनीवर राहिला. तीच बैठक. पुन्हा खाली. नवरा शेपटीकडं सरकला तशा सासूबाई कडाडल्या, "हात लावू नको! कोनी हात लावू नका तिला."

मी वासराला उचललं, ओलं, जड आणि गरम, आणि तिच्या नाकापुढून थोडं लांब नेऊन ठेवलं. माझी साडी चिकट्यानं भरली. वासरू बारीक आवाजात हंबरलं.

गाईनं डोळे उघडले. मान पुढं ताणली, पोचली नाही. मग तिनं पुढचे गुडघे मातीत दाबले आणि पाठ उचलली. मागचे पाय थरथरले, भुस्कटात थोडे सरकले, आणि रुतले. मागचा भाग वर आला. क्षणभर ती तशीच, गुडघ्यावर टेकलेली राहिली. मग एक पुढचा पाय, मग दुसरा. आणि ती चालत वासरापाशी गेली आणि चाटायला लागली.

"मागचे आधी," सासूबाई म्हणाल्या. मग मोठ्यानं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं, "मागचे आधी उचलले! बघितलं का गं तू?"

"बघितलं, आत्याबाई," मी म्हणाले. त्यांनी माझा चिकट्यानं बरबटलेला हात दोन्ही हातांत धरला होता आणि आम्ही दोघी रडत होतो.