सतरा फूट, डब्यासह

ऑगस्टमध्ये सांगलीत कोणी कोणाला 'कसे आहात' विचारत नाही. 'किती फूट?' असं विचारतात. कृष्णेचं पाणी पुलाजवळच्या पट्टीवर किती चढलंय, एवढंच त्यात विचारायचं असतं, हे विचारणाऱ्याला कळतं आणि सांगणाऱ्यालाही. आमच्या गल्लीत पाणी शिरलं त्या वर्षापासून हे उत्तर देण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं. घरापासून पट्टीपर्यंत सहाशे चाळीस पावलं. पावसाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी जायचं, फूट-इंच वहीत लिहायचे आणि गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे. याचे पैसे कोणी देत नव्हतं. पोटापाण्यासाठी मी हळदीच्या गोदामात वजनकाट्यावर बसतो, बावीस वर्षं झाली.

त्यामुळे उन्हाळ्यात पेपरात 'नदी पातळी नोंद निरीक्षक पाहिजे' अशी जाहिरात दिसली तेव्हा मी चहा बाजूला ठेवला. पुराची सूचना वेळेवर मिळावी म्हणून एका संस्थेने सांगलीत केंद्र काढलं होतं. खाली आठ अटी. मी पेन्सिल घेतली. मराठी-इंग्रजी लिहिता-वाचता येणे, बरोबर. संगणक, दुचाकीचा परवाना, नदीपासून दोन किलोमीटरच्या आत घर, पावसाळ्यात केव्हाही हजर राहण्याची तयारी, या चारही बरोबर. स्थापत्य पदविका, नाही, मी कॉमर्सचा. नोंदी घेण्याचा तीन वर्षांचा अनुभव, अर्धा. वही सहा वर्षांची, पण नेमणूक कोणी केलेली नव्हती. आणि शेवटची अट, पोहता येणे. नदीकाठी जन्म काढला, पण गुडघ्याच्या वर पाणी मी कधी अंगाला लावून घेतलं नाही.

"साडेपाच," मी बायकोला म्हणालो. "आठपैकी साडेपाच. अर्ज करण्यात अर्थ नाही."

तिने पेपर ओढून घेतला. "माझ्या वडिलांच्या किती अटी होत्या, आठवतंय?"

"पाच."

"सरकारी नोकरी, चार एकर बागायत, उंची, एकुलता एक आणि निर्व्यसनी. तुम्ही त्यातले फक्त निर्व्यसनी होता."

"उंचीत एक इंचच कमी होता."

"कमी तो कमीच ना? तरी आला होतात की मला बघायला."

"मामांनी ओढून नेलं होतं."

"मग आता मी ओढते," ती म्हणाली आणि फोन उचलून थेट भावाला लावला.

तिचं माहेर कराडजवळच्या खेड्यात. मेव्हण्याची उसाची शेती आणि शेतात पायऱ्यांची मोठी विहीर. त्या गावात पाच-सहा वर्षांची पोरं पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधून पोहायला शिकतात. अर्जाची मुदत तीन आठवड्यांची होती. पहिल्या रविवारी सकाळच्या गाडीने मी गेलो. मेव्हण्याने गोडेतेलाचा रिकामा डबा झाळून, तोंड बंद करून आणलेला होता. तो सुताच्या दोरीने माझ्या पाठीवर आवळून त्याने मला विहिरीच्या शेवटच्या पायरीवर उभं केलं.

"सोडा की आता, दाजी."

"पाणी किती खोल आहे?"

"खोलीचं काय करायचंय तुमाला? तुमी वरच ऱ्हाणार हाय."

"तरी पण."

"चाळीस फूट आसंल. आवं, तुमच्या वजनाचा बोका बी तरंगंल या डब्यावर. सोडा पायरी."

त्या रविवारी मी पायरी सोडली नाही. माझ्या वजनाचा बोका कुठे असतो, यावर आमची थोडी चर्चा झाली आणि मी सांगलीला परत आलो.

दुसऱ्या रविवारी सोडली. मेव्हणा पाण्यातून माझ्या पुढे उलटा पोहत होता आणि बोलत होता. "हात मारा, दाजी. आसं पीठ मळल्यागत न्हाई. आन् तोंड मिटा, हिरीतलं पाणी पिकाला ठेवा." मी मध्येच थांबलो आणि त्याने मला ओढून काठाला आणलं. विहिरीची लांबी मी आधीच टेपने मोजून काठावर खडूने खुणा केल्या होत्या. थांबलो तिथली खूण सतरा फुटांची होती.

सोमवारी अर्ज लिहिला. आठ अटींचा तक्ता केला, पुढे 'पूर्तता' आणि 'शेरा' असे दोन रकाने. आठव्या अटीपुढे लिहिलं : 'येत नाही. शिकणे सुरू. आजअखेर सतरा फूट, डब्यासह.'

बायकोने वाचलं. "हे 'डब्यासह' कशाला?"

"डबा होता म्हणून."

"त्यांना कसं कळणार होतं?"

"मला कळलंय ना."

तिने कपाळाला हात लावला, पण पाकीट तिनेच नेऊन दिलं. माझ्यावर सोपवलं असतं तर मी आणखी एक शेरा घातला असता, असं तिचं म्हणणं.

तिसऱ्या रविवारी मेव्हण्याने डबा काढला. डब्याशिवाय मी नऊच फूट गेलो. आता अर्जातला आकडा चुकीचा समज करून देत होता, असं मला वाटायला लागलं. वाचणाऱ्याला वाटेल, सतरा फूट येतंय तर डबा काढला तरी बारा-तेरा येत असेल. म्हणून मी शुद्धिपत्रक पाठवलं : 'डब्याशिवाय नऊ फूट.' त्यापुढच्या रविवारी बावीस झाले. मग नऊ हा आकडा माझ्यावरच अन्याय करत होता. दुसरं शुद्धिपत्रक गेलं.

"अर्ज करताय की केळवणाचं आमंत्रण?" बायको म्हणाली. "रोज आपलं एक पाकीट."

"रोज नाही. दोनच."

मुलाखतीला बोलावतील असं मला वाटलं नव्हतं, पण बोलावलं. टेबलामागे तिघे होते. मधल्या बाई प्रमुख. त्यांच्यासमोर माझी फाईल, त्यात अर्ज आणि वर टाचलेली दोन्ही शुद्धिपत्रकं. शेजारचे गृहस्थ हसू दाबत होते.

"तुमची पत्रं ऑफिसात सगळ्यांनी वाचली," बाई म्हणाल्या. "या रविवारी किती?"

"एकतीस. पण शेवटचे चार फूट पायरी धरायला हात लांब केला होता. ते मोजायचे का, हा प्रश्न आहे."

"मग काय धरलंत?"

"सत्तावीस."

शेजारच्या गृहस्थांना आता हसू आवरलं नाही. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी वही मागितली आणि चांगली दहा मिनिटं चाळली. एका पानावर बोट ठेवलं. "इथे दोन दिवस रिकामे आहेत."

"ताप होता. गेलो नव्हतो."

"आदल्या आणि नंतरच्या आकड्यावरून अंदाज भरता आला असता."

"आला असता. पण पाहिलं नव्हतं."

त्यांनी वही मिटली. "एक सांगते. पट्टी काठावरून वाचायची असते, पाण्यात उतरायचं नसतं. पोहण्याची अट आमच्या बोटीवरच्या माणसांच्या जाहिरातीतून इकडे आली. आमचीच चूक."

पाच रविवार, चाळीस फूट पाणी आणि मेव्हण्याची बोलणी माझ्या डोळ्यांपुढून गेली. "मग ती अट वजा करून मी सातपैकी साडेपाच," मी म्हणालो.

"पदविकेचं मात्र मला काही करता येणार नाही," बाई म्हणाल्या. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ही नोकरी मला किती हवी होती. हसत हसत गेलो होतो. परत येताना रिक्षात बसलोच नाही, चालत आलो आणि पावलं मोजायची राहिली.

आठ दिवसांनी फोन आला. निरीक्षकाची जागा मिरजेच्या एका मुलीला मिळाली होती. पदविका होती, पोहताही येत होतं. पण जून ते सप्टेंबर एका माणसाने भागत नाही. नोंदी घ्यायला जोडीला दुसरा माणूस लागतो, त्याला पदविकेची अट नाही. चार महिन्यांचंच काम. चालेल का?

"गोदामात विचारून सांगतो," मी म्हणालो. मागून बायको म्हणाली, "चालेल म्हणा आधी."

गोदामाच्या मालकांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "आवं, पावसाळ्यात काट्यावर हळद येतीय कुठं? चार महिने तुमी बसून माशाच तर मोजता."

एक जूनला सकाळी सहाला मी पट्टीपाशी उभा होतो. मिरजेची मुलगी आधीच आली होती. माझ्या मुलीच्या वयाची, मला काका म्हणाली. तिने वाकून पट्टी वाचली. "सहा फूट तीन इंच."

"दोन," मी म्हणालो.

"तीन आहे, काका."

"लाट ओसरू दे."

आम्ही दोघे कठड्यावर ओणवून थांबलो. वाळूची एक नाव गेली, तिच्या लाटा गेल्या, मग पाणी स्थिर झालं. सहा फूट अडीच इंच. तिने तक्ता पाहिला. अर्ध्या इंचाला त्यात रकाना नव्हता.

"तीन लिहू?" तिने विचारलं, आणि माझ्याकडे पाहून स्वतःच पिशवीतून फूटपट्टी काढली आणि नवा रकाना आखायला बसली.