गगन्या कुठं पडला?

मुंजाजीचा हळद शिजवायचा कुकर माघात रस्त्याला लागला की दोन महिने घराचं तोंड बघत नाही. कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडलेली चार पिंपं, मधे पाण्याची टाकी आणि खाली जाळ. ज्याची हळद निघाली त्याच्या शेतात मुंजाजी जातो. एक घाणा शिजायला पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात जाळाकडे बघण्यापलीकडे काम नसतं, आणि गप्प बसणं या माणसाच्या रक्तात नाही. मग तो गगन्याची गोष्ट सांगतो.

आमच्याकडे सप्तर्षींना म्हातारीची बाज म्हणतात. चार तारे बाजेचे खूर, मागचे तीन चोर. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं मुंजाजीने रचलं. गगन्या हा त्या म्हातारीचा नातू. चोर बाज ओढून नेताना दिसले तसा तो त्यांच्या मागे धावला, आकाशाच्या कडेवरून पाय घसरला आणि थेट शिजत्या हळदीच्या पिंपात पडला. बाहेर आला तो पिवळाधम्मक. तेव्हापासून तो ज्या ग्रहाला हात लावतो तो ग्रह उबदार होतो. गोष्ट सुरू झाल्यापासूनच्या तेरा वर्षांत चोरांनी चंद्र पळवला, शनीचं कडं पळवलं, एकदा तर उद्याचा दिवसच पळवला. गगन्याने सगळं परत आणलं.

मधे तो दोनदा मेलाही. दोन्ही वेळा कारण एकच, घाणा लवकर शिजला. वाफ सुटली, गोष्ट आटोपती घ्यायची घाई, तेव्हा मुंजाजीने नायकालाच उडवून टाकलं. पुढच्या शेतातल्या बायांनी घमेली खाली ठेवली आणि तो जिवंत झाल्याशिवाय एक पिंप भरणार नाही म्हणाल्या. झाला जिवंत.

मुंजाजीची लेक आकांक्षा नांदेडला चित्रकला शिकते. तिने बापाच्या गोष्टीचं चित्रांचं पुस्तक करायला घेतलं, आणि मुंजाजी ती पानं घेऊन माझ्याकडे आला. मी हायस्कुलात इतिहास शिकवतो. मुंजाजी माझा वर्गमित्र, पण मी मास्तर झाल्यापासून मला सरच म्हणतो.

"जयभीम सर. तुमी इतिहासाचं माणूस. जरा नजर फिरवा."

नजर फिरवून मी गप्प बसलो असतो तर हे सगळं घडलंच नसतं. पण पहिलं पान कोरं होतं. गगन्या नेमका कोणाच्या शेतात पडला, हे आकांक्षाला बापाने सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, ज्याला जन्मगाव नाही तो नायक नव्हे, ती अफवा. आणि रविवारी मोटारसायकल काढून, कुकर जातो त्या शेतांवर स्वतःच चौकशीला निघालो. नसती उठाठेव म्हणतात ती हीच.

सेनगावात सटवाजीने मला बांधावरची बाभूळ दाखवली. "हिच्या बुडाशी पडला. बराबर हितं." कनेरगाव नाक्याला भागवतने तर जागेभोवती दगड लावून त्यांना चुना दिला होता. डोंगरकड्याला आशाबाईंनी केळीच्या बागेमागचा तुकडा दाखवला. तिघांनाही मुंजाजीनेच सांगितलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तसाच मुंजाजीच्या दारात उभा राहिलो.

त्याने मान खाली घातली. "पहिल्या वर्षी सटवाजीच्या शेतात पाडला, सर. दुसऱ्या वर्षी भागवतनं इचारलं, कुठं पडला? समोर लेकरं बसलेली. सेनगावात पडला म्हणायला जीभ रेटली न्हाई. म्हनलं, हितंच."

"आणि डोंगरकडा?"

"तिथं बी लेकरं होती."

मला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा बघून आवरलं. "आता पुस्तकात एक गाव लिवलं," तो म्हणाला, "की बाकीच्यांला कळंल, तेरा साल मी खोटं बोलून राहिलो. मंग माझी गोष्ट कोन ऐकंल? कुकर काय, कुनाचा बी मिळतोय."

आकांक्षा बापापेक्षा धीट. ती म्हणाली, "आबा, छापायच्या आधी सांगून टाका." माघात पहिला घाणा डोंगरकड्याला आशाबाईंच्या शेतात होता. तिने सटवाजी आणि भागवतलाही बोलावलं. मीही गेलो. आग मीच लावली होती, आता पळून कुठे जाणार?

जाळ लागला. मुंजाजी उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि सगळं सांगून मोकळा झाला. पिंपं तेवढी गुरगुरत होती. मुंजाजी आमच्याकडे बघायचं सोडून जाळाकडे बघत होता. मला माझ्या इतिहासाची मनापासून लाज वाटली.

मग आशाबाई हसायला लागल्या. "माझं माहेर कनेरगाव नाका," त्या म्हणाल्या. "थोरली लेक दिली सेनगावला. तिन्हीकडं पडला हे दहा सालापासून ठावं हाय मला. लेकीबाळी माहेरी आल्या की दुसरं काय बोलतात?"

भागवत त्यांच्या माहेरचा, त्यांना आक्का म्हणणारा. त्याने विचारलं, "मंग बोलली काहून न्हाई, आक्का?"

"बोलले असते तर तू ते दगड काढून टाकले असतेस." मग पदर खोचून त्या म्हणाल्या, "पर खरं इचारशील तर पडला हितंच."

"सेनगावात," सटवाजी म्हणाला.

"चुना काय उगंच दिलाय का?" भागवत म्हणाला.

आणि असं भांडण जुंपलं की आजूबाजूच्या शेतातली माणसं ऐकायला बांधावर आली. जो तो मुंजाजीला साक्षीला ओढत होता. मुंजाजी डोळे पुशीत हसत होता, आणि वाफ केव्हाच सुटली होती. शेवटी आकांक्षानेच पिंप उतरवायला लावलं.

आता पुस्तक छापून आलंय. पहिल्या पानावर तीन चित्रं आहेत, तीन शेतं, तिन्हींत तोच पोरगा पालथा पडलेला. खाली अक्षर नाही. पण ज्या गावातली प्रत उघडावी, तिथे एका चित्रावर हळदीच्या अंगठ्याचा पिवळा ठसा असतो. सेनगावात बाभळीवर, नाक्याला दगडांवर, डोंगरकड्याला केळीच्या बागेवर.

माझ्या गावाचं चित्र त्यात नाही, कारण आमच्याकडे सगळं सोयाबीन. हे मला जरा लागलं. यंदा जूनमध्ये मी अर्ध्या एकरात हळद लावली आणि दुसऱ्याच दिवशी तारीख ठरवायला मुंजाजीला फोन केला.

"पी हळद अन् हो गोरी झालं सर तुमचं," तो म्हणाला. "नऊ महिने थांबा. तवर जागा तेवढी बघून ठेवा."

मी विहिरीजवळची जागा साफ करून ठेवली आहे.